वर्गात मुलांनी विचार करावा, मांडावा, मिळून शिकावं यासाठी : शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पेठेतली अनुदानित शाळा असो की हडपसरकडची महापालिकेची शाळा, शिक्षण परिषदेत चहाच्या सुट्टीत निघणारे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पाचवी ते दहावीचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत आणि त्या सगळ्यांमागे माझा एकच आग्रह आहे. मुलाला आधी एकट्यानं विचार करू द्या, तो विचार कागदावर उतरू द्या आणि मगच त्याला गटात बसवा. हा क्रम उलटला की गटकामाचा गोंगाट होतो आणि चिंतन म्हणजे मुलांना आणखी एक गृहपाठ वाटतो.

साठ मुलांच्या वर्गात हे जमतं का?

जमतं, पण सुरुवात जोडीपासून करा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण दिलं आहे. प्रत्यक्षात नववी-दहावीच्या कितीतरी तुकड्या साठीच्या घरात असतात आणि बाकं हलवायला जागा नसते. जोडीसाठी काहीच हलवावं लागत नाही. 'आधी विचार, मग जोडीत बोलणं, मग वर्गाला सांगणं' ही पद्धत अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातले फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. ती जगभर टिकली, कारण तिला पाच मिनिटं आणि एक रफ वही पुरते.

फळ्यावर प्रश्न लिहा. पहिलं दीड मिनिट कुणी कुणाशी बोलायचं नाही, प्रत्येकानं दोन ओळी लिहायच्या. मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं. बाकावर तिघं असतील तर तिघांत. शेवटी चार-पाच जोड्यांना उभं करा आणि "तुझी शेजारीण काय म्हणाली?" असं विचारा. दुसऱ्याचं म्हणणं आपल्याला सांगावं लागणार आहे हे एकदा कळलं की मुलं समोरच्याचं ऐकायला लागतात. स्वतःचं उत्तर सांगताना जी मुलगी लाजते, ती मैत्रिणीचं उत्तर मात्र खणखणीत आवाजात सांगते, हेही दिसेल.

प्रश्न बोलण्याजोगा हवा, ही एकच अट. पानिपतची तिसरी लढाई कधी झाली, यावर बोलणार काय? १७६१ म्हटलं की विषय संपला. पानिपतावर मराठ्यांच्या फौजेची उपासमार का झाली असेल, यावर मात्र दोन मुलं दोन बाजूंनी बोलू शकतात.

प्रश्न विचारला की दर वेळी तीच चार मुलं हात वर करतात. बाकीच्यांचं काय?

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं तिला दिसलं. हा वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबली, "माहीत नाही" म्हणणं कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे किती, ते वर्गात उभं राहून मोजून बघा. फार लांब वाटतात. म्हणून मनात आकडे मोजायची सवय लावून घ्या आणि तोवर कुणीही हात वर करायचा नाही असा वर्गाचा नियमच ठेवा. मुलानं उत्तर दिल्यावरही लगेच "शाब्बास" म्हणू नका. तिथेही थोडं थांबलात तर बऱ्याचदा तेच मूल पुढे म्हणतं, "म्हणजे बाई, तसं नाही…" आणि खरा विचार तिथे सुरू होतो.

चिंतन म्हणून लिहायला सांगितलं की मुलं 'आज खूप मजा आली' एवढंच लिहितात. मग काय करायचं?

यात दोष मुलांचा नाही, प्रश्नाचा आहे. 'आज काय शिकलास?' असं विचारलं की मूल धड्याचं नाव लिहिणार किंवा बाईंना आवडेल ते लिहिणार. प्रश्न अरुंद करा. आज कोणत्या पायरीला अडलास? शेजाऱ्याचं कोणतं म्हणणं तुला पटलं नाही? हेच गणित उद्या धाकट्या भावाला शिकवायचं झालं तर सुरुवात कुठून करशील? असे प्रश्न दिले की 'मजा आली' लिहायला जागाच उरत नाही.

चांगली चालणारी आणखी एक चौकट म्हणजे 'आधी मला वाटायचं… आता मला वाटतं…'. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रोजेक्ट झीरो या संशोधन गटानं ती रुळवली. सजीवांचं वर्गीकरण, जडत्व, लोकशाही अशा घटकांना ती नेमकी लागू पडते, कारण या विषयांत मुलं काहीतरी चुकीची समजूत घेऊनच वर्गात येतात. देवमासा हा मासा नाही हे कळल्यावर मूल ते स्वतःच्या शब्दांत लिहितं, तेव्हा जुनी समजूत आणि नवी समजूत दोन्ही त्याच्यासमोर शेजारी-शेजारी येतात. नवा घटक सुरू करताना डॉना ओगल यांचा १९८६ मधला तीन रकान्यांचा तक्ता वापरा : मला काय माहीत आहे, मला काय जाणून घ्यायचंय, मी काय शिकलो. तिसरा रकाना भरून झाल्यावर मुलांना पहिल्या रकान्याकडे परत वळवायला विसरू नका. त्यात चूक निघाली तर ती खोडायची नाही, शेजारी दुरुस्ती लिहायची.

तासाअखेरची चिठ्ठी तर कुणालाही जमेल. घंटेच्या आधी तीन मिनिटं, तळहाताएवढा कागद, एकच प्रश्न. सातवीच्या वर्गात अपूर्णांकांच्या भागाकारानंतर मला मिळालेली एक चिठ्ठी अशी होती : "उत्तर येतं. पण दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा ते कळलं नाही." चाचणीत या मुलीला पैकीच्या पैकी गुण होते. चिठ्ठी नसती तर तिला काय कळलेलं नाही हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिचं नाव न घेता तोच प्रश्न मी फळ्यावर लिहिला आणि 'तीन भाकऱ्यांत अर्ध्या भाकरीचे तुकडे किती?' इथून सुरुवात केली. सहा, असं सगळे म्हणाले. मग तीनला अर्ध्यानं भागणं आणि तीनला दोननं गुणणं एकच कसं, हे शोधण्यात अख्खा वर्ग गुंतला.

रोज साठ चिठ्ठ्या तपासायच्या कधी?

तपासायच्या नाहीत, फक्त वाचायच्या. लाल पेन हातात घेऊच नका. वाचता वाचता तीन ढीग करा : कळलं, अर्धवट कळलं, गाडी भलत्याच रुळावर आहे. दहा मिनिटांत होतं. उद्याच्या तासाची पहिली पाच मिनिटं मधल्या ढिगासाठी द्या, तिसऱ्या ढिगातल्या मुलांना मधल्या सुट्टीत किंवा जोडीकामाच्या वेळी गाठा. रोज सगळ्या वर्गाच्या घेऊ नका, आठवड्यातून दोनदा पुरे. पण जेव्हा घ्याल तेव्हा मुलांना दिसलं पाहिजे की बाईंनी चिठ्ठ्या वाचल्या आणि शिकवणं त्याप्रमाणे बदललं. ते दिसलं नाही तर महिन्याभरात चिठ्ठ्या पुन्हा 'मजा आली'वर येतात.

या सगळ्यात अभ्यासक्रम मागे पडत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि काळजी खरी आहे. पस्तीस मिनिटांच्या तासातली सात-आठ मिनिटं म्हणजे थोडी नव्हेत. ती काढायची कुठून, यावर माझं मत ठाम आहे : धड्याखालची प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देणं बंद करा. त्या वेळात मुलांच्या डोक्यातून काहीच जात नाही, फळ्यावरचं वहीत उतरतं एवढंच.

आठवून लिहिण्याचा उपयोग अभ्यासांतून दिसला आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. चिठ्ठी, जोडीत सांगणं, पुस्तक मिटून आराखडा काढणं ही सगळी आठवण्याचीच कामं आहेत. आज गेलेली मिनिटं सहामाहीच्या उजळणीत परत मिळतात.

वही नीट ठेवायला कशी शिकवायची?

अक्षर आणि समास यांपलीकडे जाऊन शिकवायची. कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात टिपणं काढायची एक रीत तयार केली. ती आपल्या दोनशे पानी वहीत सहज बसते. पानाचा डावीकडचा साधारण एक तृतीयांश भाग रेघ मारून मोकळा ठेवायचा. तासाला उजवीकडे टिपणं घ्यायची. घरी गेल्यावर डाव्या पट्टीत त्या टिपणांवर प्रश्न लिहायचे आणि पानाच्या तळाला दोन-तीन ओळींत सार. उजळणी करताना उजवी बाजू हातानं झाकायची आणि डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. म्हणजे मुलाची स्वतःची प्रश्नपत्रिका त्याच्याच वहीत तयार होते.

सुरुवातीला डावीकडचे प्रश्न मुलांना सुचत नाहीत. पहिले काही दिवस ते वर्गातच, सगळ्यांनी मिळून काढा. आणि पालकांना हेही सांगा की रंगीत हायलायटरनं पानं रंगवणं म्हणजे अभ्यास नव्हे. २०१३ मध्ये जॉन डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा आढावा घेतला. त्यात अधोरेखन कमी उपयोगाचं ठरलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि थोड्या-थोड्या अंतरानं उजळणी करणं या दोन पद्धती सर्वांत उपयोगी ठरल्या.

वहीच्या पहिल्या दोन पानांवर अनुक्रमणिका आणि प्रत्येक पानाला क्रमांक, एवढं पाचवीपासून लावून धरा.

संकल्पना-नकाशा आणि नेहमीचा तक्ता यांत फरक काय?

बाणावरच्या शब्दांचा. जोसेफ नोव्हॅक यांनी १९७०च्या दशकात संकल्पना-नकाशा विकसित केला, तेव्हा दोन संकल्पनांना जोडणाऱ्या रेषेवर त्यांचा संबंध सांगणारे शब्द हवेत यावर भर दिला. जलचक्राच्या चित्रात मुलं समुद्र, बाष्प, ढग, पाऊस असे बाण काढून मोकळी होतात. 'बाष्प' ते 'ढग' या बाणावर काय लिहाल, असं विचारा. "वर जातं" असं पहिलं उत्तर येतं. वर गेल्यावर काय होतं? मग कुणीतरी "थंड होऊन थेंब होतात" इथवर येतं. तो बाण रिकामा राहिला असता तर सांद्रीभवन कळलेलं नाही हे चित्र बघून कळलंच नसतं. नकाशा आधी प्रत्येकानं एकट्यानं काढायचा, मग चौघांनी आपापले नकाशे समोर ठेवून एक नवा काढायचा. कुठे वाद होतो ते कान देऊन ऐका.

प्रकल्प नेहमी शेवटच्या रात्री आईच करते. उपाय?

प्रकल्प घरी देऊच नका, शाळेत करून घ्या. ते शक्य नसेल तर एका तारखेऐवजी तीन तारखा द्या : विषय आणि तीन प्रश्न, कच्ची माहिती, शेवटचं लेखन. गुण तिन्ही टप्प्यांना. सजावटीला शून्य गुण, हे आधीच जाहीर करा.

गटात एकच मूल काम करतं आणि बाकीचे बघत बसतात. हे कसं थांबवायचं?

एकट्यानं होणारं काम गटाला दिलं की असंच होणार. काम असं हवं की प्रत्येकाकडे इतरांना नसलेला एक तुकडा असेल. एलियट अरोन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात नेमकं हेच केलं. वेगवेगळ्या वंशांची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि चढाओढीमुळे वर्गातला ताण वाढत होता. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा कळायचा तर एकमेकांचं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पुण्याच्या मुलांसाठी याला आपल्या धरणांसारखा विषय नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की डेक्कनजवळचा भिडे पूल पाण्याखाली जातो, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. फळ्यावर प्रश्न लिहा : हे पाणी कुठून कुठून येतं?

समजा वर्गात ४८ मुलं आहेत. चौघांचे बारा मूळ गट करा. प्रत्येक गटात एकाकडे खडकवासला, एकाकडे पानशेत, एकाकडे वरसगाव, एकाकडे टेमघर. प्रत्येकाला आपल्या धरणाबद्दल अर्ध्या पानाची माहिती द्या. पानशेत आंबी नदीवर, वरसगाव मोशी नदीवर, टेमघर मुठेवर सगळ्यांत वरच्या बाजूला आणि या तिघांचं पाणी खाली खडकवासल्यात येतं. पानशेतवाल्याच्या कागदावर १२ जुलै १९६१ची हकिकत असेल : पानशेत फुटलं, तो लोंढा खडकवासल्यावर आला, तेही फुटलं आणि नदीकाठचं पुणं पाण्यात गेलं. पण ते पाणी पुढे खडकवासल्यातच का आलं, हे खडकवासलावाल्याचा कागद ऐकल्याशिवाय त्याला कळणार नाही.

आधी दहा मिनिटं प्रत्येकजण एकटा वाचतो. मग एकाच धरणाची मुलं एकत्र बसतात. प्रत्येक धरणाची बारा मुलं होतात, त्यांचे चौघा-चौघांचे तीन गट करा. इथे ती आपला तुकडा नीट समजून घेतात आणि कसा सांगायचा ते ठरवतात. वाचनात कच्च्या मुलाला ही पायरीच सावरते, म्हणून ती कधीही गाळू नका, आणि तुम्ही स्वतः या वेळी गटागटांत फिरा, कारण इथे राहिलेली चूक पुढे वर्गभर पसरते. मग सगळे आपापल्या मूळ गटात परततात आणि एकमेकांना शिकवतात. शेवटी पुन्हा एकट्यानं : पुस्तक, कागद मिटून प्रत्येकानं चारही धरणांचा बाणांचा नकाशा काढायचा. गुण या नकाशाला, गटाला नाहीत. यासाठी सलग दोन तास लागतात, वेळापत्रकातला जोडतास मागून घ्या.

गट कसे पाडायचे? हुशार मुलांचा वेगळा गट करू का?

नको. मैत्रीनुसारही नको, आणि हुशार-कच्चे असेही नको. खेळायच्या पत्त्यांनी, हजेरी क्रमांकांनी, कशानंही पाडा, पण तेच गट किमान पाच-सहा आठवडे टिकू द्या. रोज नवा गट केला तर मुलं रोज ओळख करून घेण्यातच राहतात. चौघंच ठेवा. सहाजणांत दोघं हमखास सुटतात.

गप्प बसणाऱ्या मुलाला गटात बोलतं कसं करायचं?

आधी हे बघा की ते गप्प आहे की त्याला गप्प केलं गेलंय. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी दाखवून दिलं की गटात ज्याला सगळे हुशार समजतात तो जास्त बोलतो, जास्त बोलतो म्हणून जास्त शिकतो आणि अंतर वाढतच जातं. नुसतं "सगळ्यांनी बोला" म्हणून ते मोडत नाही. भूमिका ठरवून द्या आणि दर आठवड्याला फिरवा : वाचणारा, लिहिणारा, वेळ पाहणारा, शंका विचारणारा. शंका विचारणाऱ्याचं काम हुशार मुलांना मुद्दाम द्या, सांगणारं काम इतरांना. आणि गप्प मुलानं काही नेमकं केलं की ते सगळ्यांसमोर, नेमक्या शब्दांत सांगा. "छान" म्हणू नका. "तिनं दोन्ही नद्या कुठे मिळतात ते आधी शोधलं, म्हणून तुमचा नकाशा जुळला" असं म्हणा.

आवाज फार होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते.

हात वर करायची खूण ठरवा : तुम्ही हात वर केला की ज्याला दिसेल त्यानं हात वर करायचा आणि बोलणं थांबवायचं. शेजारच्या सरांना आधी सांगून ठेवा. पावसाळा नसेल तर व्हरांडा, मैदान, झाडाखालचा कट्टा वापरा.

वर्गात मराठी घरी न बोलणारी मुलं आहेत. त्यांचं चिंतन कुठल्या भाषेत?

त्यांच्या भाषेत. बांधकामांवर काम करायला आलेल्या कुटुंबांची मुलं महापालिकेच्या अनेक शाळांत आहेत. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी बंजारा. पहिला विचार आणि जोडीतलं बोलणं घरच्या भाषेत होऊ द्या, वर्गाला सांगताना मराठी. तसा जोडीदार नसेल तर चित्र काढून बोट ठेवत सांगू द्या. ज्या मुलाला लिहिणं जड जातं त्यालाही हीच सोय द्या. तोंडी दिलेली चिठ्ठीही चिठ्ठीच.

याची नोंद मूल्यमापनात कुठे करायची?

वेगळी वही करू नका. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राज्यात २०१० पासून आहे आणि आकारिक म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत गटकार्य, स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन ही नावं आधीच आहेत. अडचण एवढीच की वर्णनात्मक नोंदी आपण सत्राच्या शेवटी 'गटात सहभाग घेतो' अशा साच्यातल्या वाक्यांनी भरतो. चिठ्ठ्यांतलं एखादं वाक्य त्या मुलाच्या नोंदीत जसंच्या तसं उतरवा. 'अपूर्णांक उलटा करण्याचं कारण विचारते' ही नोंद पुढच्या वर्षीच्या बाईंना खरंच काही सांगते.

सहाध्यायी मूल्यमापनात मुलांनी एकमेकांना गुण द्यायचे नाहीत. एक गोष्ट जमली ती आणि एक विचारायची शंका, एवढंच लिहायचं.

"आमच्या मुलीनं सगळं केलं आणि गुण सगळ्यांना," असं पालक म्हणतात तेव्हा?

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. गटाला मिळून एकच गुण कधीही देऊ नका. प्रत्येकाच्या शेवटच्या एकट्यानं केलेल्या कामाला गुण द्या, मग ही तक्रार उरत नाही.

दहावीच्या मुलांना याचा काय फायदा?

मराठीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, काढून 'स्वमत'चे प्रश्न बघा. तिथे गाईड पाठ करून लिहिलेलं उत्तर तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतं. आठवी-नववीत ज्यानं रोज दोन ओळी स्वतःच्या लिहिल्या त्याला दहावीत स्वमत म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. दिवाळीनंतर मात्र नव्यानं काही सुरू करू नका. तेव्हा जोडीत एकमेकांना प्रश्न विचारणं आणि डाव्या पट्टीवरून उजळणी करणं एवढंच चालू ठेवा.

साहित्याचा खर्च कोण करणार?

अप्पा बळवंत चौकातल्या रंगीत चिकटचिठ्ठ्या दिसायला छान असतात, पण त्यांची गरज नाही. ऑफिसातल्या जुन्या परिपत्रकांचे पाठकोरे कागद चार तुकडे करून ठेवा. धरणांची माहिती अर्ध्या पानात बसवली तर ४८ मुलांना २४ पानांची झेरॉक्स लागते. आणि ती पुढच्या वर्षीही चालते, म्हणून मुलांना त्यावर लिहू देऊ नका.

शाळेत मी एकटीच हे करते. सुरुवात कुठून करू?

एका वर्गात, एका विषयात, आठवड्याला दोन चिठ्ठ्या. सहामाहीपर्यंत एवढंच. जोडीकाम बसलं की मग धरणांसारखा एखादा मोठा तास घ्या. आणि त्याच वर्गाला दुसरा विषय शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याला सोबत घ्या. मुलांना दोन तासांना तीच खूण आणि तोच नियम मिळाला तर सवय लवकर लागते. एकमेकींच्या मोकळ्या तासाला एकमेकींच्या वर्गात मागच्या बाकावर बसा आणि फक्त एक गोष्ट लिहून काढा : प्रश्न विचारल्यावर पहिलं मूल बोलेपर्यंत किती वेळ गेला.